भाकरीपुरते मालक

पेडगावात काय किंवा परभणी तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, एखाद्या घरानं लहानसं, अर्धं पामोलियन आणि अर्धं गावठी असं कुत्रं आणलं, त्याच्या गळ्यात पट्टा घातला आणि त्याला लस टोचायला दवाखान्यात नेलं, की पारावरचा शेरा ठरलेला असतो: ‘लई पैसा झाला वाटतं.’ या शेऱ्यामागे एक पूर्ण युक्तिवाद उभा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुत्रं असतं ते शेताच्या आणि दाराच्या राखणीसाठी; ते राखण करतं, आपण त्याला भाकरी टाकतो, हिशोब मिटला. हे टीचभर संकरित कुत्रं ना रानडुकरावर धावणार, ना चोराला अडवणार. त्याला जात नाही, त्याचा उपयोग नाही. आणि जिथं सोयाबीनला भाव मिळत नाही, पोरांच्या फिया थकतात, तिथं असल्या कुत्र्याच्या लसीवर, गोचिडाच्या औषधावर, नसबंदीवर पैसे घालवणं म्हणजे शहराची थेरं गावात आणणं. शिवाय कुत्री चावतात म्हणून गाव आधीच हैराण असताना आणखी एक कुत्रं कशाला? हा युक्तिवाद ऐकायला रोखठोक आहे, पण त्याचा हिशोबच चुकलेला आहे. चैन चालली आहे ती ज्याला दहा घरं भाकरी टाकतात आणि ज्याची जबाबदारी एकही घर घेत नाही अशा मोकळ्या कुत्र्याची. तिचं बिल सगळं गाव भरतं, फक्त ते कुणाच्या एकट्याच्या नावावर फाटत नाही म्हणून दिसत नाही.

आधी जातीचा मुद्दा. गावात ज्याला पामोलियन म्हणतात तो पांढरा, झुबकेदार शेपटीचा कुत्रा बहुतेक वेळा पॉमेरेनियन नसतोच. तो इंडियन स्पिट्झ असतो. त्याचे पूर्वज इंग्रजी अमदानीत इकडे आले, इथल्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या वाढले, आणि परदेशी कुत्री आणणं अवघड होतं त्या ऐंशी-नव्वदच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांमधून पसरले. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी याच जातीचा. शहरातून जिल्ह्याच्या गावी, तिथून पाहुण्यारावळ्यांच्या हातून खेड्यात, असा त्याचा प्रवास झाला आणि खेड्यात आल्यावर गावठी कुत्र्यांशी त्याची सरमिसळ झाली. आज ओसरीवर दिसणारं, गुडघ्याच्या खालीच राहिलेलं, एक कान उभा आणि एक पडलेला असं तांबूस-पांढरं कुत्रं ही त्याच सरमिसळीची पैदास आहे. त्याला कागद नाहीत म्हणून ते कमअस्सल, असं म्हणणाऱ्यांनी पुरावा पाहावा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये २७ हजारांवर कुत्र्यांच्या नोंदी तपासून २४ आनुवंशिक विकारांची तुलना प्रसिद्ध केली. त्यातले १० विकार शुद्ध जातीच्या कुत्र्यांत जास्त निघाले, १३ विकारांत काहीच फरक नव्हता आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा एक विकार संकरित कुत्र्यांत जास्त होता. म्हणजे संकरित कुत्रं आजारीच पडत नाही, हा काही प्राणिप्रेमींचा दावा टिकत नाही. पण ते मुळातच उणं असतं, हा दावा तर त्याहून टिकत नाही. स्वभावाचंही तेच. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात १८ हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास आला. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून कळतो, असं त्यात दिसलं. बाकीचं त्या कुत्र्याच्या पिंडावर आणि त्याला कसं वाढवलं यावर.

जातिवंताचाच हट्ट असेल तर मराठवाड्याला त्यासाठी परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. लातूर जिल्ह्यातलं जानवळ कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. पण ती कुत्री लांब पायांची, धावण्यासाठी घडलेली. त्यांना रान लागतं, रोजची दौड लागते, खुराक लागतो. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचं शेड असलेल्या घरात असं कुत्रं बांधून ठेवणं हा त्याच्यावर अन्याय, आणि हस्की किंवा सेंट बर्नार्ड आणून चाळिशी ओलांडणाऱ्या परभणीच्या उन्हात ठेवणं तर निव्वळ छळ. आपलं घर, आपलं ऊन, आपली मिळकत या तिन्हींचा विचार करून कुत्रं निवडायचं तर दहा किलोच्या आत राहणारं, थोडं खाणारं, इथल्याच हवेत जन्मलेलं संकरित कुत्रं हीच व्यवहाराची निवड ठरते. गावाला व्यवहार कळतो असं आपण म्हणतो. मग इथंही तो लावावा.

आता उपयोगाचं. राखणीत चावण्याचं काम क्वचित पडतं, भुंकण्याचं रोज पडतं. रात्री अंगणात पाऊल वाजलं, कडब्याच्या गंजीपाशी काही सरपटलं, शेळीच्या दाव्याशी कुणी आलं, की माणसाच्या आधी कुत्र्याला कळतं आणि ते घर डोक्यावर घेतं. या कामाला उंची लागत नाही. राहिली रानडुकरं आणि रोही. त्यांच्या कळपापुढं गावातलं थोराड कुत्रंही फार काळ उभं राहत नाही. म्हणूनच तर शेतकरी झटका मशीनचं कुंपण घालतात आणि माळ्यावर जागतात. जे काम थोराड कुत्र्यालाही झेपत नाही, ते जमत नाही म्हणून लहान कुत्र्याला नालायक ठरवण्यात अर्थ नाही. शिवाय उपयोगाची व्याख्याच आपण फार आखडून ठेवली आहे. ज्या घरातली तरणी माणसं पुण्याला, संभाजीनगरला कामाला गेली आणि मागे दोन म्हातारी माणसं उरली, त्या घरात दिवसभर पायात घुटमळणारा, वेळेवर खायला मागणारा एक जीव असणं हाही उपयोगच आहे. आणि उपयोग हाच एक निकष मानला तर बैल पोळ्यापुरताच गोड ठरेल. खांदेमळणी करून, पुरणपोळी चारून ज्याला आपण पूजतो, तो थकल्यावरही दावणीला ठेवणाऱ्या शेतकऱ्याला गाव वेडा म्हणत नाही, त्याचा मान ठेवतं. कुत्र्यालाच तेवढा रोकडा न्याय का?

पण गावाचा खरा आक्षेप पैशाचा आहे, तेव्हा पैशाचंच बोलू. पाळलेल्या कुत्र्याला रेबीजची पहिली लस तीन महिन्यांचं झाल्यावर द्यायची आणि पुढं दरवर्षी एक. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पार्वो आणि डिस्टेंपरची लस सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं तिचे पुढचे डोस द्यायचे. जंताचं औषध, सहा महिन्यांनंतर एकदाच नसबंदी. पहिलं वर्ष थोडं जड जातं. नंतरचा औषधपाण्याचा खर्च सणाच्या एका खरेदीहून जास्त होत नाही. आता दुसरी बाजू मांडू. लस न दिलेलं, मोकळं हिंडणारं कुत्रं शाळेत जाणाऱ्या पोराला चावलं. सरकारी दवाखान्यात लस फुकट असते हे खरं. पण ती पहिल्या, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशी चार वेळा घ्यावी लागते. पोराबरोबर एक मोठं माणूस, म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडाली. मोठं माणूस चावलं गेलं आणि सोबतीला दुसरं गेलं तर आठ दिवसांची. जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं आणि ते नसेल तर परभणी गाठावी लागते. पोटात चौदा इंजेक्शनं देण्याचे दिवस केव्हाच गेले, पण त्यांच्या धास्तीनं जखमेवर चुना-तिखट भरून घरीच बसणारी माणसं अजून आहेत. ती तर याहून मोठी किंमत मोजायला निघालेली असतात. एका कुत्र्याच्या वर्षाच्या लसीचे पैसे एका चाव्यात अनेक पटींनी जातात. फरक इतकाच की लसीचे पैसे मालकाच्या खिशातून जातात आणि चाव्याचे शेजाऱ्याच्या.

हा फरकच सगळ्या प्रश्नाची गोम आहे. गावातलं बरंचसं कुत्रं खऱ्या अर्थानं बेवारस नसतं. ते कुठल्या आळीचं, कुणाच्या ओसरीखाली व्यालेलं, कुणाच्या दारात रात्री बसतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. भाकरीच्या वेळी त्याला नावानं हाक मारणारी तोंडं असतात. चावलं, की तेच कुत्रं एका क्षणात ‘गावचं’ होतं. वेड पांघरून पेडगावला जाणं ही म्हण भीमाकाठच्या, श्रीगोंदा तालुक्यातल्या पेडगावाशी जोडतात, तेव्हा परभणीच्या पेडगावानं ती अंगाला लावून घेऊ नये. पण कुत्र्याच्या बाबतीत महाराष्ट्रातलं जवळजवळ प्रत्येक गाव हे वेड पांघरतं. २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीहून जास्त मोकाट कुत्री मोजली गेली, महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास. यातली सगळी आकाशातून पडलेली नाहीत. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, दोन महिन्यांत विते, आणि पिल्लांत माद्या जास्त निघाल्या की त्या पोत्यात घालून दुसऱ्या शिवारात सोडल्या जातात. ‘कुत्रा द्या, कुत्री नको’ असं म्हणून नर पिल्लं वाटून घेणारं आणि माद्या माळावर सोडणारं गाव पुढच्या वर्षी त्याच माद्यांच्या पोरवड्याची तक्रार ग्रामपंचायतीकडे करतं. २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून जास्त नोंदी झाल्या. रेबीजनं वर्षाला सुमारे ५,७०० माणसं मरतात, असा एका राष्ट्रीय पाहणीवरचा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. हा रोग एकदा उमटला की जवळजवळ कुणी वाचत नाही, आणि लसीनं तो जवळजवळ पूर्ण टळतो. असं असताना लस टोचणाऱ्याला चैनी म्हणायचं आणि भाकरी टाकून मोकळा होणाऱ्याला साधाभोळा, हा कुठला न्याय?

मालक असण्याचा आणखी एक फायदा सहसा लक्षात घेतला जात नाही. पाळलेलं कुत्रं चावलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन उपचार लगेच सुरू करायचेच, पण त्याच वेळी त्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवता येते. ते दहा दिवस धडधाकट राहिलं तर डॉक्टरांना पुढचा निर्णय त्यावरून घेता येतो. मोकळं कुत्रं चावून पळालं की ही सोयच उरत नाही. गळ्यातला पट्टा आणि घरातलं लसीचं कार्ड या दोन वस्तू शेजाऱ्याच्या पोराच्या कामी येतात. त्यांना नखरा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

‘कायदा कुठं सांगतो?’ असं विचारणाऱ्यांसाठी कायदाही पुरेसा स्पष्ट आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली आहे आणि पाळीव कुत्र्याचं लसीकरण, प्रजनन यांची जबाबदारी मालकावर. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ तर जनावर सोडून देणं आणि सतत साखळीला बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, या दोन्ही गोष्टी गुन्हा मानतं. पहिल्यांदा केलेल्या गुन्ह्याला दंड अजून दहा ते पन्नास रुपयेच आहे, हे लाजिरवाणं आहे. पण दंड हलका म्हणून कर्तव्य हलकं होत नाही. सर्वोच्च न्यायालयात २०२५ साली भटक्या कुत्र्यांवरून जे आदेश निघाले त्यांचा हवाला देऊन ‘आता सरकारच कुत्री उचलेल’ असं म्हणणाराही एक वर्ग आहे. त्या वर्षी २२ ऑगस्टच्या आदेशानं नसबंदी आणि लस दिलेली निरोगी कुत्री पुन्हा त्याच भागात सोडायला सांगितली. पुढं नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्थानकं अशा जागांपुरता वेगळा आदेश आला. पण कुठलाही आदेश तुमच्या ओसरीवर व्यालेल्या कुत्रीची पिल्लं मोजायला येणार नाही. ज्या नळाला तोटीच नाही त्याखाली कितीही बादल्या भरल्या तरी पाणी संपत नाही. तोटी मालकाच्या हातात आहे.

काळजी घेणं म्हणजे लाड, हाही गैरसमज काढायला हवा. लहान संकरित कुत्र्याला गादी लागत नाही, विकतचं बिस्किट लागत नाही. ज्वारीची भाकरी, थोडं ताक, उकडलेलं अंडं किंवा मटणाच्या रश्श्यात पडण्याआधी बाजूला काढलेला तुकडा यावर ते नीट वाढतं. मात्र कांदा-लसणाची फोडणी दिलेलं उरलंसुरलं टाकणं थांबवलं पाहिजे, कारण कांदा त्याचं रक्त बिघडवतो. त्याला लागते ती नजर. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्याच्या पायाची बोटं फाकवून पाहावीत, कानाची पाळी उलटी करून पाहावी: करडे, फुगलेले, एरंडीच्या बीसारखे गोचीड तिथंच चिकटलेले असतात. ते रक्त पितात आणि ताप देणारे रोग रक्तात सोडतात; कुत्रं खाणं टाकतं, हिरड्या फिक्या पडतात, आणि घर म्हणतं ‘उष्णता झाली’. यावर गावातला इलाज म्हणजे काळं ऑइल चोळणं, रॉकेल लावणं, नाहीतर कपाशीवर फवारायचं औषध अंदाजपंचे पाण्यात कालवून ओतणं. गोचीड मरतो आणि कधीकधी कुत्रंही. त्याच्या वजनाच्या मापानं दिलेलं औषध दवाखान्यात मिळतं. तसंच उन्हाचं: कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग निववतं. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या पत्र्याखाली आखूड साखळीला ते बांधणं आणि पाण्याचं भांडं लाथेनं उलटलं तरी संध्याकाळपर्यंत न भरणं, यात धापा टाकून टाकूनच जीव जातो. लिंबाची सावली, मातीचं पाण्याचं भांडं आणि दिवस मावळल्यावर दोरीनं गावाबाहेर एक फेरी. याला लाड म्हणायचं तर म्हणा.

‘बांधणं हीच क्रूरता, कुत्रं मोकळंच बरं’ असा एक आक्षेप दुसऱ्या टोकाकडून येतो, आणि ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, नसबंदी निसर्गाविरुद्ध’ असा त्याचाच भाऊ. मोकळं कुत्रं आनंदी असतं हे आपल्या डोळ्यांचं समाधान आहे. मोकळ्या कुत्र्याचं आयुष्य ट्रॅक्टरच्या चाकाखाली, उंदरासाठी ठेवलेल्या विषानं किंवा पार्वोनं फार लवकर संपतं. नसबंदी टाळण्यात तर लहान कुत्रीचाच धोका आहे: थोराड गावठी कुत्र्यापासून तिला पिल्लं राहिली तर बाळंतपण अडू शकतं. निसर्गाचं नाव घ्यायचं आणि पिल्लांचं पोतं रात्री माळावर नेऊन टाकायचं, यातलं काय नैसर्गिक? काहीजण संतांचा दाखला देतात. कुत्र्यानं भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा मराठी घरात कुणाला सांगावी लागत नाही, आणि नामदेवांचं नर्सी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत, १९९९ पर्यंत, परभणी जिल्ह्यातच होतं. पण या कथेचा आधार भाकरी टाकून हात झटकणाऱ्याला मिळत नाही. भाकरी गेली म्हणजे आपलं देणं संपलं असं नामदेवांनी मानलं नाही. जे द्यायचं राहिलं होतं ते घेऊन ते मागे गेले.

शेवटचा आक्षेप सोयींचा: गावात कुत्र्याचा डॉक्टर कुठं आहे? हा आक्षेप अर्धा खरा आहे. जिल्हा परिषदेचे दवाखाने गुरांसाठी उघडले गेले, तिथं कुत्र्याची लस नेहमी असेलच असं नाही आणि कुत्रं घेऊन येणाऱ्याकडे बघून लोक हसतात. पण परभणी जिल्ह्याला तरी हा आक्षेप शोभत नाही. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्याचा शिकवणीचा दवाखाना आहे, आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. कमी आहे ती मागणीची. गोव्यानं हे काम सरकारी पातळीवर केलं: दरवर्षी गावोगाव फिरून सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस द्यायची, शाळांत शिकवायचं, संशयित कुत्र्यावर पाळत ठेवायची. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथं कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला. गोवा श्रीमंत आहे, लहान आहे, हे मान्य. पण एक ग्रामपंचायत गोव्याहूनही लहान असते. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या दिवशी महाविद्यालयाला पत्र देऊन शिबिर मागवायचं, पाळलेल्या कुत्र्यांची एका वहीत नोंद करायची आणि मालकाचं नाव पुढं लिहायचं, याला कोणत्या निधीची वाट पाहायची आहे?

तेव्हा पट्टा घातलेलं संकरित कुत्रं घेऊन दवाखान्याकडे जाणाऱ्याला हसणं थांबवा. तो तुमच्या पोरांचीही लस टोचून येतो आहे. आणि कुत्रं पाळायची हौस असेल तर एवढं पक्कं करा: वर्षातून एकदा लस देणं आणि एकदाच नसबंदी करणं जमणार नसेल, तर पिल्लू घरी आणू नका. आणलंत, तर भाकरी टाकताना जसं ‘आमचं’ म्हणता, तसंच ते चावल्यावरही म्हणायची तयारी ठेवा.